रस्त्याला मार्क देणारे गुरुजी

भाड्याची जागा बघायला आलेल्या माणसाला घरमालक काय विचारतो? नोकरी कुठे, माणसं किती, भिंतीला खिळे ठोकणार का. आमच्या गुरुजींनी यातलं काहीही विचारलं नाही. पायरीवर बसून ते नारळ सोलत होते. वर न बघता म्हणाले, "इथपर्यंत कसे आलात?"

"गाडीनं," मी म्हटलं.

"वाहन विचारलं नाही. रस्ता विचारला. कोणाला विचारलंत आणि त्यानं काय सांगितलं?"

मी कराडची. आमच्याकडे असल्या प्रश्नाला "तुम्हाला काय करायचंय?" असं उत्तर देतात. पण जागा हवी होती, म्हणून सांगितलं. नाक्यावरच्या पानवाल्याला विचारलं. तो म्हणाला, सरळ जा, पुढे एक म्हैस बांधलेली दिसेल, तिथून डावीकडे.

"म्हैस होती?"

"नव्हती. चरायला गेली असेल."

गुरुजींनी कोयता खाली ठेवला. "दहापैकी तीन," ते म्हणाले. "म्हैस ही खूण नव्हे. उद्या ती विकली तर माणसानं काय बाजारात जायचं? आणि तुम्ही म्हशीवाचून पोचलात, तुम्हाला सहा. गाडी स्वतःची आहे ना? मग सामान कधी आणताय?"

गाडीबद्दल का विचारलं ते नंतर कळलं. गुरुजींकडे सायकलसुद्धा नव्हती, आणि वर्षातून एकदा सहकुटुंब गाडीतून भटकून यायची हौस मात्र दांडगी होती. आमच्या आधीच्या भाडेकरूनं गाडी विकली आणि महिन्याभरात त्याला जागा अपुरी वाटायला लागली म्हणे. कोणी वाटायला लावली ते सांगायला नको.

घर उरणच्या अलीकडच्या एका गावात होतं. मागे मिठागरं, पुढच्या रस्त्यावर दिवसभर कंटेनरचे ट्रेलर. माझा नवरा बंदरातल्या एका यार्डात कामाला आणि मी बँकेत. गुरुजी जिल्हा परिषदेच्या शाळेतून निवृत्त झालेले. नोकरीभर बदल्या झाल्या. "या जिल्ह्यात अशी खाडी दाखवा, मॅडम, की जिच्या काठावर मी पाढे म्हणवून घेतले न्हायत," असं ते छाती पुढे काढून सांगायचे. एरवी पुस्तकासारखं शुद्ध बोलणारे गुरुजी रंगात आले किंवा रागावले की गावच्या बोलीत उतरायचे.

तर या माणसाला सगळे रस्ते पाठ. आणि तरीही जिथे जाईल तिथे रस्ता विचारायचा. रस्ता कळावा म्हणून नव्हे हो, परीक्षा घ्यायला! पेणच्या एसटी स्टँडवर उभं राहून पेणचं एसटी स्टँड विचारायचे. समोरचा बिचारा हातवारे करून सांगायचा, आणि हे मान डोलावून शेवटी निकाल जाहीर करायचे. "डावीकडे म्हणालास आणि हात उजवीकडे केलास. दोन गेले. जवळच हाय म्हणालास. जवळ म्हणजे किती? तेबी गेले. पाच."

त्यांची तपासायची पद्धत ठरलेली होती. आधी सांगणाऱ्यानं विचारायला हवं, की बाबा, तू आलास कुठून? तोंड आणि हात एकाच दिशेला हवेत. खूण अशी हवी की जी उठून जाणार नाही. म्हणजे झाड, विहीर, विहार चालेल, पण म्हैस, टपरी, उभा ट्रक चालणार नाही. आणि सगळ्यात महत्त्वाचं म्हणजे चुकलात तर चुकलात हे कसं कळेल, ते सांगायला हवं. "पूल लागला तर समजा पुढे गेलात, मागे फिरा. हे वाक्य मला आजवर कोणी सांगितलेलं न्हाय," गुरुजी उसासा टाकायचे. "म्हणून दहापैकी दहा कोणाला न्हाईत."

"आणि कोणी दहा मिळवलेच तर?" मी एकदा विचारलं.

"तर त्याच्या घरी जाऊन चहा पिईन. तो बोलावो न बोलावो."

हा नियम ध्यानात ठेवा, पुढे लागणार आहे.

एकदा तर आपल्याच गल्लीच्या तोंडाशी उभे राहून ते येणाऱ्याजाणाऱ्याला "इथं ते निवृत्त गुरुजी राहतात, त्यांचं घर कुठलं?" असं विचारत होते. नव्या कुरियरवाल्यानं गाडीवरून न उतरताच सांगितलं, "तो खडूस मास्तर ना? निळं गेट. पण नको जाऊ काका, डोकं खातो." संध्याकाळी गुरुजी खुशीत घरी आले. काकींना म्हणाले, "आठ दिले. वर्णन अचूक होतं."

काकी म्हणजे गुरुजींची बायको. कमी बोलायच्या, पण बोलल्या की पुरायचं. लग्नानंतर सुरुवातीला गुरुजी स्वयंपाकालाही मार्क द्यायचे. एके दिवशी "आमटी, सहा" म्हणाले आणि काकींनी पुढचं ताट उचलून आत नेलं. "पेपर तपासून झाला असंल, उत्तरपत्रिका जमा करते," एवढंच म्हणाल्या. तेव्हापासून घरातले मार्क बंद आणि रस्त्यावरचे सुरू, असा माझा अंदाज आहे.

त्यांना एकच मुलगी, दर्शना. सरकारी दवाखान्यात नर्स. एका आरोग्य शिबिराला म्हसळ्याकडे गेली होती, तिथे प्रशांत नावाचा तलाठी भेटला. मुलगा सालस, नोकरी पक्की, माणसं आपल्यातलीच. एकदा येऊन गुरुजींना जयभीम घालून गेला तेव्हा गुरुजींनी त्याला तांदळाच्या भाकऱ्या आग्रह करकरून वाढल्या. तो गेल्यावर म्हणाले, "पोरगा सोन्यासारखा हाय. पण घर दिघीच्या बाजूला. पोरगी खाडीपार देणार न्हाय."

"म्हणजे नकार?" काकी म्हणाल्या.

"नकार कुठं दिला? पूल होऊ दे. पूल झाला की दुसऱ्या दिवशी लग्न."

आता आगरदांडा ते दिघी पूल होणार हे आम्ही राहायला आलो तेव्हापासून ऐकत होतो, आणि आमच्या आधीचा भाडेकरूही ऐकत होता. मी म्हटलं, "गुरुजी, खाडीला वळसा घालून म्हसळ्यावरून रस्ता आहे की! लांब पडतो, पण आहे ना?"

"आणि मग त्या रखडलेल्या हायवेला लागायचं? तो हायवे पुलाच्याबी मागून होणार, मॅडम!"

"पत्रिका बघणाऱ्यांची अडवणूक परवडली," मी चिडून म्हटलं.

"आमच्यात पत्रिका बघत न्हाईत. माझ्या आज्यानं धम्म घेतला त्या दिवशी पत्रिका, मुहूर्त सगळं सोडलं." गुरुजींनी चष्मा पुसला. "पण नकाशा बघू नका असं कोणी सांगितलेलं न्हाय."

दर्शना बापाच्याच वळणावर गेलेली. बाबा हो म्हणाल्याशिवाय करणार नाही, आणि दुसऱ्या कोणाशीही करणार नाही, असं तिनं शांतपणे सांगितलं आणि ड्यूटीवर निघून गेली. झालं! बाप पुलासाठी अडलेला, लेक बापासाठी अडलेली, आणि त्या पुलाच्या खांबांसारखं तिचं लग्न अर्धवट उभं. वर्षं चालली होती. दर्शना काही बोलायची नाही, पण हळूहळू तिनं लग्नसमारंभांना जायचं सोडलं. मला तिच्यासाठी फार वाईट वाटायचं, आणि गुरुजींचा तर असा राग यायचा की भाडं द्यायला मी नवऱ्याला पाठवायची.

तो राग काकींनी घालवला. मागच्या पडवीत आम्ही दोघी सुका जवळा निवडत बसलो होतो. त्या म्हणाल्या, "मॅडम, ह्यांची मोठी बहीण खाडीपार दिलेली होती. रेवसला. ह्यांचं घर करंज्याला. समोरासमोर, दिवा लावला तर दिसंल एवढं." गुरुजींची आई अचानक गेली, त्या दिवशी बहिणीला निरोप पोचला. ती धावत धक्क्यावर आली. पण ओहोटी लागलेली, होडी चिखलात बसलेली. ती पलीकडे उभी राहून हात हलवत होती, हाका मारत होती. गुरुजी तेव्हा लहान, अलीकडे उभे. बहीण दिसत होती, आवाज पोचत नव्हता. भरती येईपर्यंत आईला नेलं होतं.

"आणि सासरचं कोणी तिच्यासोबत आलेलं नव्हतं," काकी म्हणाल्या. "एकटीच उभी होती धक्क्यावर. ते ह्यांच्या डोळ्यासमोरनं जात न्हाय."

माझ्या हातातला जवळा तसाच राहिला. पण गंमत बघा, दुःख कळलं म्हणून दर्शनाचं लग्न थोडंच होणार होतं? उलट आता मला कळलं की या माणसाला वादानं जिंकता येणार नाही. याला परीक्षेतच गाठायला हवं. पुढची कल्पना माझी. तिचं श्रेय आजवर कोणी दिलेलं नाही, म्हणून मीच घेते.

इकडे अशी रीत आहे, की मुलीच्या बापानं मुलाच्या घरचा चहा घेतला म्हणजे बोलणी सुरू झाली. म्हणून गुरुजी प्रशांतच्या घरच्यांना भेटायलाच तयार नव्हते. मुलाला आपल्या घरी भाकऱ्या वाढल्या, पण त्याच्या घरचं पाणीही पिणार नाही म्हणायचे. पण दहापैकी दहा मिळवणाऱ्याच्या घरी चहा पिणार, हाही शब्द त्यांचाच. मग प्रशांतच्या आईनंच दहा मिळवले तर? गुरुजींनी त्यांना कधी बघितलेलंही नव्हतं.

थोडक्यात, आम्ही पेपर फोडला.

पडवीत फोन मांडून दर्शना, काकी आणि मी प्रशांतच्या आईची शिकवणी घ्यायला लागलो. त्यांचं घर दिघीच्या धक्क्यावरून बोर्लीकडे जाणाऱ्या रस्त्यावर. आम्ही गाडीतून येणार, त्या दारात तांदूळ पाखडत बसणार, माझा नवरा बरोबर तिथे गाडी थांबवणार आणि गुरुजी दिवेआगरचा रस्ता विचारणार. ते विचारणार यात शंकाच नव्हती. आधी विचारायचं, कुठून आलात? मग सरळ जा, उजव्या हाताला विहार लागेल, पुढे चिंचेपाशी डावीकडे. आणि पेट्रोलपंप दिसला तर समजा चुकलात.

"अगो पोरींनो, माझ्यानं पाठ होत न्हाय," त्या पलीकडून ओरडायच्या. "शाळेत असंच व्हायचं, म्हणून तर सोडली. चिंचेच्या जागी आंबा सांगू का? आंबा माझ्या ध्यानात ऱ्हातो."

"आई, आंबा तिथे नाहीये," दर्शना.

"मंग लावू या!"

शेवटी कसंबसं पाठ झालं. प्रशांतला त्या दिवशी घरात दिसायचं नाही अशी सक्त ताकीद दिली. आणि डिसेंबरच्या सुट्टीत मी गुरुजींना सहज विचारल्यासारखं विचारलं, "यंदा दिवेआगरला जाऊ या का?"

गुरुजींनी चष्म्यावरून माझ्याकडे बघितलं. "खाडी लागते मधे," म्हणाले. मग म्हणाले, "चला."

नवरा गाडी चालवायला. त्याला गुरुजी 'चालक महाशय' म्हणायचे. शेजारी गुरुजी, मागे आम्ही तिघी, मांडीवर भाकऱ्या आणि जवळ्याच्या चटणीचा डबा. वडखळच्या पुढे जाईपर्यंत गाडीला असा वास सुटला की टोलवाला असता तर त्यानंही भाकरी मागितली असती. नवऱ्यानं फोनवर रस्ता लावला. आतली बाई बोलायला लागली, तसे गुरुजी दचकले.

"ही कोण?"

"रस्ता सांगते, गुरुजी."

"विचारल्याशिवाय? पुण्याची दिसते." थोडं ऐकून घेतलं. "खुणा एकपण न्हाईत. झाड न्हाय, विहीर न्हाय. नुसतं मीटर, मीटर. बंद करा तिला. एक."

अलिबागेत भर बाजारात काच खाली करून त्यांनी एका कॉलेजकुमाराला विचारलं, "अलिबाग कुठं आलं हो?" पोरगा पोट धरून हसला. "काका, कुठून आलात तुम्ही?" मी मनात म्हटलं, मेला हा. पण गुरुजी प्रसन्न. "बघा! पहिला प्रश्न बरोबर विचारला. या पोराला भवितव्य हाय." रेवदंड्याला पूल ओलांडताना मात्र त्यांनी गाडी हळू घ्यायला लावली. खाली वाकून पाण्याकडे बघत म्हणाले, "असा पाहिजे." आम्ही तिघींनी एकमेकींकडे बघितलं. काशीदच्या सुरूच्या झाडांखाली भाकऱ्या खाल्ल्या, तेव्हाही त्यांनी नेहमीसारखा कोणाला रस्ता विचारला नाही, की दुसरी भाकरी मागितली नाही. लक्षण ठीक दिसत नव्हतं. दर्शनाच्या हातातली भाकरी तर तशीच राहिली होती.

आगरदांड्याला फेरीबोटीवर गाडी चढवली. गुरुजी उतरून कठड्याला उभे राहिले. बोटीवरच्या माणसाला विचारत होते, वारा सुटला तर बोट बंद ठेवता का? रात्रीची अडलेली माणसं कुठे थांबतात? कोणी आजारी असलं तर? तो बापडा "तसं काय न्हाय, बघतो आम्ही" असं काहीतरी म्हणाला. गुरुजींनी त्याला मार्कच दिले नाहीत. ते बघून मला पहिल्यांदा वाटलं, की आपण उगाच या भानगडीत पडलो.

दिघीला उतरल्यावर पहिला घोटाळा झाला. गुरुजींनी धक्क्यावरच एका माणसाला दिवेआगर विचारलं. तो मोबाइलमधून मान वर न काढता म्हणाला, "गुगल लावा ना, काका." शून्य घेऊन तो मोकळा झाला आणि आम्ही निघालो. दुसरा घोटाळा त्याहून मोठा. प्रशांतचं घर आलं. दारात आई सूप घेऊन बसलेल्या. नवऱ्यानं ब्रेक मारला, तर गुरुजी म्हणाले, "इथं काय? पुढे चला." चालक महाशय आज्ञाधारक! गाडी घरासमोरून सरळ पुढे गेली. मागच्या काचेतून मला त्या दिसल्या, सूप तसंच हवेत धरून आमच्याकडे बघत राहिलेल्या. दर्शनानं माझ्या दंडाला असा चिमटा काढला की वळ उठला.

थोडं पुढे गेल्यावर गुरुजी म्हणाले, "वळवा. शेवटची बोट कधी सुटते ते विचारायचं राहिलं."

गाडी वळली आणि परत धक्क्याकडे निघाली. घर पुन्हा आलं. नवऱ्याला काय सुचलं देव जाणे, त्यानं बरोबर दारासमोर गाडी बंद पाडली आणि म्हणाला, "गरम झाली!" इतका वाईट अभिनय मी शाळेच्या गॅदरिंगलाही बघितलेला नाही. पण गुरुजी उतरले, समोर बाई दिसल्या, आणि सवय ती सवय.

"ओ बाई, दिवेआगरचा रस्ता कुठला?"

आई उठून उभ्या राहिल्या. पाठांतराला उभं राहिल्यासारखे हात दोन्ही बाजूंना सरळ. "कुठून आलात?"

गुरुजींच्या भुवया वर गेल्या. "उरणवरून."

"हितनं सरळ जा. उजव्या हाताला विहार लागंल. म्होरं चिंचेपाशी डावीकडं. आनि पेट्रोलपंप दिसला तर समजा चुकलात."

सगळं कसं पाठ! फक्त गाडीचं तोंड आता उलटीकडे होतं. सरळ म्हणजे आता धक्का, आणि धक्क्यापुढे खाडी.

गुरुजींनी सावकाश तिकडे बघितलं. "सरळ गेलो तर बुडू की, बाई."

मागे आम्ही तिघी डोळे मिटून बसलो. संपलं, मला वाटलं. आता पूलच व्हायला हवा.

"अगो बाय!" आई ओरडल्या. "गाडी उलटी हाय की तुमची!" त्यांनी सूप उंबऱ्यावर आपटलं, हात पदराला पुसले आणि तरातरा रस्त्यावर आल्या. "सांगत न्हाय आता. चला, दाखवते." आणि गुरुजींना बरोबर घेऊन त्या चिंचेच्या फाट्याच्या दिशेनं चालायलाच लागल्या.

आम्ही गाडीतून बघत होतो. त्या पुढे, गुरुजी मागे. विहाराशी थांबले. त्यांनी हात करून काहीतरी दाखवलं. मग गुरुजींनी काहीतरी विचारलं. त्यावर त्या बराच वेळ बोलत होत्या, एकदा धक्क्याकडे बोट केलं. गुरुजींनी चष्मा काढला, पुसला, परत घातला. इतक्या लांबून एक अक्षर ऐकू येत नव्हतं. दर्शना पुटपुटली, "काय सांगतायत त्या? हे तर पाठ करून घेतलं नव्हतं."

परत आल्यावर गुरुजींनी गाडीत वाकून आम्हाला सांगितलं, "दहापैकी दहा," आणि सरळ त्यांच्या दारातून आत शिरले.

आता आत काय असावं? भिंतीवर, बरोबर समोर, तलाठी साहेबांचा हार घातलेला सत्काराचा फोटो. तो काढून ठेवायचं कोणालाच सुचलं नव्हतं! गुरुजी नेमके त्या फोटोखालच्या खुर्चीत बसले. बशीत चहा ओतला. फुंकर मारली. गुरुजींनी अख्खा कप संपवला आणि म्हणाले, "साखर बेताची. बरं केलंत." मग उठले, मागच्या दाराशी गेले आणि गोठ्याच्या दिशेनं हाक मारली, "तलाठी साहेब, बाहेर या. डास चावत असतील."

प्रशांत बाहेर आला. केसांत गवत. खाली वाकून त्यानं जयभीम घातला. दर्शना एकाच वेळी हसत होती आणि रडत होती, आणि काकींनी पदर तोंडाला लावला होता.

दिवेआगर राहिलंच. परतीच्या बोटीवर मला राहवेना. "गुरुजी, तुम्हाला कळलं होतं?"

"पहिल्याच वाक्याला शंका आली, शेवटच्याला खात्री. चुकलात तर कसं कळंल, हे या जगात मी सोडून कोणी सांगत न्हाय. पेपर फुटला होता. तुम्हा चौघांना शून्य. चालक महाशयांना अभिनयाचं वेगळं शून्य."

"मग त्यांना दहा कसे दिले?"

गुरुजी कठड्याला टेकून दिघीकडे बघत होते. धक्का मागे मागे चालला होता.

"मी शिलॅबसबाहेरचा प्रश्न विचारला," ते म्हणाले. "विचारलं, बाई, पोरीच्या माहेरी काही बरंवाईट झालं आणि बोट बंद असली, तर तुम्ही काय करणार? वाटलं, म्हणतील, करू काहीतरी. सगळे तेच म्हणतात. त्या म्हणाल्या, गुरुजी, बोट माझ्या हातात न्हाय. पण धक्क्यावर तिला एकटीला उभी ठेवणार न्हाय. मी बसंन तिच्यासंगं."

काकी पाण्याकडे बघत राहिल्या. मी नवऱ्याला उगाचच गाडी नीट लावली नाही म्हणून झापलं.

"आत्याचं त्यांना कोणी सांगितलं होतं?" मी दर्शनाला हळूच विचारलं. तिनं मान हलवली. कोणीच सांगितलं नव्हतं.

विहारात साधंसं लग्न झालं. पूल अजून होतोय. गुरुजी अधूनमधून लेकीकडे जातात आणि धक्क्यावर उतरून न चुकता तिच्या घराचा रस्ता विचारतात. आता सगळं गाव त्यांना ओळखतं, त्यामुळे मार्क भराभर वाढले आहेत आणि गुरुजींना ते आवडत नाही. पेपर सोपा निघतोय म्हणतात.

आमची मग बदली झाली, पण पनवेलपर्यंतच. परवाच्या श्रावणात काकींचा फोन आला. गुरुजी शेवग्याचा पाला काढायला शिडीवर चढले होते आणि पडले. मी दवाखान्यात पोचले तेव्हा पाय प्लास्टरमध्ये आणि डोक्याला पट्टी. दुपारी त्यांना ऑपरेशनसाठी आत न्यायचं होतं. काकी दाराशी बसून त्यांनाच शिव्या घालत होत्या आणि डोळे पुसत होत्या.

तेवढ्यात दर्शनाचा व्हिडिओ कॉल आला. मी फोन गुरुजींसमोर धरला. दिघीचा धक्का, मागे खवळलेलं पाणी, वाऱ्यानं केस तोंडावर आलेले. "बाबा, बोट बंद आहे," ती हुंदके देत होती. "सकाळपासून वारा आहे. बाबा, मला येता येत नाहीये."

गुरुजींचा चेहरा एकदम लहान मुलासारखा झाला. मग घोगऱ्या आवाजात म्हणाले, "फोन फिरव."

"काय?"

"फोन फिरव गो. मागं कोण हाय ते बघू दे."

दर्शनानं फोन फिरवला. धक्क्याच्या कट्ट्यावर प्रशांतच्या आई बसल्या होत्या. एका हातात उलटी झालेली छत्री, दुसऱ्या हातानं दर्शनाची बॅग पोटाशी धरलेली, आणि साडी गुडघ्यापर्यंत भिजलेली.

"बसलेय हो, गुरुजी!" त्या वाऱ्यावर ओरडल्या. दवाखान्यातल्या शेजारच्या खाटेवरच्या माणसालाही ऐकू गेलं.

गुरुजींनी उशीवर मान टेकली. डोळ्यांतून पाणी वाहत होतं, ते त्यांनी पुसलंसुद्धा नाही.

"दोघी म्हसळ्यावरनं या," ते म्हणाले. "लांब पडतं, पण रस्ता हाय. मी थांबतो तोवर." मग जरासं हसू आलं त्यांना. "आणि रस्ता विचारत या."